शुद्धलेखनाचं चित्र

नाशिक, १० नोव्हेंबर १९३८

ती. सौ. मैनाताईस,

वाल्मीकचा नमस्कार. भाऊबीजेला मी येवल्याला आलो आणि तुझ्या ओसरीवरूनच परत फिरलो. तू दाराआड उभी होतीस, बांगड्या वाजल्या. तुमच्याकडं रेशीम उकलायला येणारी रोशनबी पाणी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मास्तर, बाईंचं डोकं दुखतंय." तिला खोटं बोलता येत नाही, लगेच जमिनीकडं बघायला लागली. पाणी प्यालो आणि निघालो.

आमच्या साप्ताहिकाच्या दसऱ्याच्या अंकातलं चित्र पाहून तू रागावलीस, एवढं समजलं. पण तू ते नीट पाहिलंस का, की लोकांनी सांगितलं तेवढंच ऐकलंस? म्हणून मीच सांगतो त्यात काय आहे.

शाळेचा वर्ग आहे. फळ्यापाशी मास्तर म्हणून एक मोटारगाडी उभी आहे, तिच्या पुढच्या जाळीचे मी दात केलेत. समोर पाच मुलं पाटीवर शुद्धलेखन लिहितायत. मोटार सांगतेय, 'नाशिक-येवले रस्त्यावर उतारू नेण्याचा मक्ता दहा वर्षे आमच्याच कंपनीस द्यावा.' पाचही पाट्यांवर तेच वाक्य आहे, एका चुकलेल्या वेलांटीसकट. खाली ओळ आहे, 'मोटार-कमिटीची बैठक'. कोपऱ्यात माझी नेहमीची सही, 'बोरू'. ही सही कुणाची, हे आमचे संपादक कारभारीअण्णा, शिळाप्रेसवाले इसाकमियां आणि तू, एवढ्यांनाच ठाऊक आहे.

रस्त्याचे परवाने ठरवणाऱ्या कमिटीत पाच सभासद, म्हणून पाच मुलं. पहिल्या बाकावरच्या मुलानं कानाची पाळी चिमटीत धरलीय, तर सगळं येवलं म्हणतंय हे खंडेराव. बोलण्याआधी कानाची पाळी धरायची सवय जगात एकट्या दाजींनाच आहे का? आणि कमिटीच्या ठरावाचा कागद कंपनीकडूनच आयता आला, हे तर इथं पुष्कळ लोक बोलत होते. मी कुणाकडून ऐकलं ते आता आठवतही नाही.

दाजींनी पैसे खाल्ले असं मी काढलेलं नाही, आणि मला तसं वाटतही नाही. येवल्याला दिवसातून दोनदा नवी कोरी मोटार यावी, तिच्या उद्घाटनाला आपल्या हातात कात्री असावी, एवढीच त्यांची हौस. पण त्या हौसेपायी काय झालं ते बघ. खलील सहा वर्षं या रस्त्यावर स्वतःची लॉरी चालवत होता, उतारू आणि माल दोन्ही न्यायचा. तुमच्या पेठेतल्या पैठण्यांची गाठोडी तो इथल्या दुकानांत पोचवायचा आणि येताना रेशीम घेऊन यायचा. त्याला या साली परवानाच नवा करून मिळाला नाही. लॉरी भद्रकालीत त्याच्या घरापुढं उभी आहे, आणि त्याची आई जैतुनबी तिच्या हौद्यात मिरच्या वाळवते. रस्ता सरकारचा, खडी आपल्या पैशाची, आणि वर चालायचं कुणी ते कंपनी ठरवणार. यावर मी गप्प बसायला हवं होतं का?

चार ओळी लिही. राग लिहिलास तरी चालेल.

तुझा,
वाल्मीक


नाशिक, ८ डिसेंबर १९३८

ती. मैनाताईस,

महिना झाला, तुझं पत्र नाही. तरी मी लिहितो.

दोन रविवारांपूर्वी कंपनीच्या मोटारीतून निफाडपर्यंत मुद्दाम जाऊन आलो. गाडी चांगली आहे, खोटं कशाला सांगू. गाद्या मऊ आहेत, खिडक्यांना काचा आहेत. चांदोरीला एक म्हातारी बाई वांग्यांची टोपली घेऊन उभी होती. कुसाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. कंडक्टर म्हणाला, "टोपलीचं तिकीट वेगळं पडेल, आजी." कुसाबाई म्हणाली, "मंग माझंच तिकीट टोपलीला दे. मी मागून चालत येते. वांगी काय चालत यायची नाय." गाडीतले सगळे हसले. कंडक्टरही हसला, आणि त्यानं घंटी वाजवली. गाडी निघाली तेव्हा बाई आणि टोपली दोघी रस्त्यावरच होत्या. पूर्वी तिला खलील न्यायचा, आणि उतरताना ती त्याला दोन वांगी द्यायची. आता दुसरी गाडीच नाही, त्यामुळं तिला कुणी विचारायचं कारण उरलेलं नाही.

मी गाडीत बसून राहिलो, उतरलो नाही. घरी येऊन चित्र काढलं. मऊ गादीवर टोपली ऐटीत बसलीय, खिडकीबाहेर बघतेय, आणि मागं धुळीतून बाई चालतेय. दाजी त्यात नाहीत, कुणीच ओळखीचं नाही. लोकांनी ते रविवार कारंज्यावर भिंतीला चिकटवलं आणि एका दिवसात दुसऱ्यांदा छापावं लागलं.

त्यानंतर कंपनीचे मॅनेजर इसाकमियांच्या प्रेसवर आले. इसाकमियां एरवी बिड्यांची लेबलं छापतात, माझं चित्र आठवड्यातून एकदा. मॅनेजर म्हणाले, "आमची वेळापत्रकं, जाहिराती, सगळं तुम्हाला देतो. फक्त तो एक कागद छापू नका." इसाकमियां म्हणाले, "सोचके बताता हूं." ते गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, झूट नाही सांगत, मन डळमळलं माझं. दोन पोरींची लग्नं आहेत. पुढच्या हप्त्याचं चित्र लवकर आणा, माझा विचार बदलायच्या आत."

शाळेत हेडमास्तरांनीही बोलावलं होतं. शाळेला सभागृह बांधायचंय आणि मोठी देणगी कंपनीकडून यायचीय. म्हणाले, "वाल्मीकराव, तो बोरू कोण हे मी विचारणार नाही. त्यानं शाळेची आठवण ठेवावी, एवढंच." मी 'बरं' म्हटलं आणि हात टेबलाखाली घेतले. नखांत शिळेवरची शाई होती.

तुझी तब्येत कशी आहे? दाजींना नमस्कार सांगावा, असं लिहून मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. सांग.

वाल्मीक


नाशिक, ४ जानेवारी १९३९

ती. मैनाताईस,

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ते तुला वाचतानाच कळलं असेल, म्हणूनच उत्तर नसेल.

ठरावाच्या कागदाची गोष्ट मी गावात ऐकली नव्हती. गावात कुणालाच ती ठाऊक नव्हती. श्रावणात मी तुझ्याकडं आलो होतो, तू भाकरी थापत होतीस आणि मी चुलीपाशी पाटावर बसलो होतो. तू सांगितलंस की कंपनीचे मॅनेजर परवा जेवायला आले होते. पानं मांडायच्या आधी त्यांनी कातडी पिशवीतून टंकलेला कागद काढून दाजींपुढं ठेवला. दाजींनी चष्मा शोधला, तो सापडेना, तेव्हा त्यांनी तशीच सही केली. पुढच्या आठवड्यात तोच कागद कमिटीत 'आमचा ठराव' म्हणून वाचला जाणार होता. सांगताना तू हसत होतीस. दाजींच्या चष्म्याला हसत होतीस की मॅनेजरनं चारदा आमटी मागितली त्याला, ते मला आठवत नाही. शेवटी म्हणालीस, "कुणापाशी बोलू नको बरं का." मी 'नाही' म्हटलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला येऊन कारभारीअण्णांना सगळं सांगितलं.

कानाच्या पाळीचंही सांगतो. कच्च्या चित्रात ती नव्हती. पाच मुलं पाच मडक्यांसारखी दिसत होती, चित्रात जीव येत नव्हता. मग मी दाजींचा हात काढला आणि चित्र एकदम उठून बसलं. त्या क्षणी मला तुझी आठवण आली नाही, ताई. आनंद झाला. हे लिहायला मला दोन महिने लागले.

आता दुसरी गोष्ट. लॉरीवाल्यांनी केलेला अर्ज आणि आमचे अंक मुंबईपर्यंत गेले. सरकारनं चौकशीला एक अधिकारी नेमलाय. वीस तारखेला, शुक्रवारी, इथल्या डाकबंगल्यावर ते सगळ्यांचं म्हणणं ऐकतील. लॉरीवाल्यांचे वकील म्हणतात की कागद कंपनीनं आणला हे डोळ्यांनी पाहिलेलं एक माणूस उभं राहिलं, तर हा ठराव टिकत नाही. नाहीतर सगळं हवेत. कंपनी उलट अब्रुनुकसानीचा दावाही लावेल आणि साप्ताहिक बंद पडेल.

कारभारीअण्णा म्हणाले, "बहिणीला विचार." मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "एकदा विचारून तर बघ." मी म्हटलं, "तिला नवऱ्याच्या विरुद्ध उभं करू? एकदा तिचा विश्वास मोडला, तेवढा पुरे." ते संतापून निघून गेले.

तेव्हा तू निश्चिंत राहा. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. जे सांगायचं ते मी सांगेन, निस्तरायचं तेही मीच निस्तरेन.

वाल्मीक


नाशिक, २४ जानेवारी १९३९

ती. मैनाताईस,

दाजींनी घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी माझ्या बाजूचं लिहितो.

डाकबंगल्याच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. अधिकारी वयस्कर होते. त्यांना पडसं झालं होतं आणि ते सारखं गरम पाणी पीत होते. एका बाजूला कंपनीचे मॅनेजर आणि त्यांचे दोन वकील होते, दुसऱ्या बाजूला लॉरीवाले. दाजी कमिटीच्या चौघांबरोबर खिडकीपाशी बसले होते. आमची नजरानजर झाली नाही, दोघांनीही होऊ दिली नाही.

अधिकाऱ्यांनी दसऱ्याचा अंक उघडून धरला. "हे चित्र कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. हेडमास्तर माझ्या मागच्याच रांगेत होते. त्यांनी घसा खाकरला.

"चित्र चांगलं आहे," अधिकारी म्हणाले. "पण यात तुम्ही म्हणता की ठराव कंपनीनं लिहून दिला. हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगता येणार नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही. "मास्तर, इथं दोनच गोष्टी होऊ शकतात. कुणी तरी पाहिलं आणि तुम्हाला सांगितलं, किंवा तुम्ही कल्पनेनं काढलंत. दुसरं काही असेल तर मला सांगा."

मी दाजींकडं पाहिलं. त्यांचा हात कानाकडं निघाला होता, तो त्यांनी मध्येच थांबवून गुडघ्यावर ठेवला. मग मी म्हटलं, "कल्पनेनं काढलं."

'चित्रकाराची कल्पना', असं कारकुनानं लिहून घेतलं. त्याच्या टाकाचा आवाज मला ऐकू येत होता. मॅनेजर आपल्या वकिलाकडं वळून हसले. कारभारीअण्णा उठून बाहेर गेले.

फाटकापाशी खलील उभा होता. त्यानं विचारलं, "काय झालं, मास्तर?" मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बरं." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो आता घोटीला एका भाताच्या गिरणीवर गाडी चालवायला जाणार आहे. जैतुनबी इथंच राहील. मला बघून तिनं काल दार लावून घेतलं नाही, उलट बसायला सांगितलं, त्याचंच मला जास्त लागलं.

शाळेतून सोमवारी चिठ्ठी आली की पहिल्या तारखेपासून येण्याची तसदी घेऊ नये. इसाकमियांनी लेबलं काढायला बसवलंय. वाघ, कमळ, पोपट. पोपट बरा जमतो. अधिकाऱ्यांचा निकाल महिन्या-दीड महिन्यात येईल म्हणतात. पण काय येणार, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझं नाव राहिलं. एवढं एक तरी नीट झालं.

वाल्मीक


येवले, १२ मार्च १९३९

चि. वाल्मीकास मैनाचे आशीर्वाद.

तुझी चारही पत्रं पोचली. यांनी एकही उघडलं नाही, तशीच माझ्या हाती दिली. ठराव रद्द झाल्याचं तुला नाशकात कळलंच असेल. जुने परवाने परत द्या, एका कंपनीचा मक्ता चालणार नाही, असा हुकूम आला. दुसऱ्या रस्त्यांचं काय ते मला माहीत नाही, आपला रस्ता मोकळा झाला. तू म्हणशील हे कसं झालं. तुला कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिते. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, चुका सांभाळून घे.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा लय राग आला. दुसरं आलं तेव्हाबी होता. तिसरं वाचलं आणि बसून राहिले. वाटलं, चला, खरं बोलला. मग मला वाटलं की आता पाठोपाठ एक कार्ड येईल, ताई, येतेस का म्हणून. मी रोज टपालवाल्याची वाट बघायची. वीस तारखेला सकाळी आंघोळ करून धुवट लुगडं नेसून बसले. हे आदल्या दिवशीच निघून गेले होते. रोशनबी म्हणाली, "बाई, कुठं निघालात?" मी म्हटलं, "कुठं नाही." दुपारी मी लुगडं बदललं आणि भांडी घासायला घेतली.

वाल्मीक, तू ती गोष्ट सांगितलीस तेव्हा मला विचारलं नाहीस. गप्प बसलास तेव्हाबी विचारलं नाहीस. आणि वर लिहितोस की ताई, तू निश्चिंत राहा. कागद माझ्या घरात आला. माझ्या डोळ्यांपुढं सही झाली. त्या माणसाला आमटी मी वाढली. मग मला त्याबद्दल काही वाटत असेल की नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, तुझ्याबी नाही आणि यांच्याबी नाही.

नाव राहिलं म्हणतोस. कुठं राहिलं? आडावर बायका बोलायच्या की मास्तरानं मनानंच रचलं होतं, कबूल केलं सायबापुढं. मी घागर भरायची आणि यायची. भाऊ खोटा ठरला, आणि तो खोटा नाही हे फक्त मला माहीत. ते काय नाव राहणं झालं?

आणि इथं पेठेत काय चाललं होतं ते तू पाहिलं नाहीस. मोटारवाले गाठोडं घेईनात. रेल्वेनं न्यायचं तर मनमाडला गाडी बदलता बदलता दिवस मोडतो. रोशनबीच्या नवऱ्यानं दोन आठवडे माग बंद ठेवला, रेशीमच आलं नाही म्हणून. ती माझ्याच ओसरीत बसून हे सांगायची आणि मी ऐकायची. तिला कुठं माहीत होतं, की कागद याच ओसरीवर आला होता.

तुझं चौथं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागद घेतला. त्या अधिकाऱ्याच्या नावानं लिहिलं. मॅनेजर कधी आले, पिशवीतून काय काढलं, कुणी सही केली, चष्मा नव्हता, सगळं. कुणाची बाजू लिहिली नाही, पाहिलं तेवढंच. खाली माझं पूर्ण नाव घातलं. चौथीपर्यंत शिकले त्याचा हा असा उपयोग होईल, असं वाटलं नव्हतं.

चोरून पाठवायचं नव्हतं. हे संध्याकाळी दुकानातून आले तेव्हा कागद त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, "हे मी उद्या टाकणार आहे. तुम्ही आधी वाचा." यांनी चष्मा लावून वाचला. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. कागद खिशात घातला आणि उठून गेले.

दोन दिवस बोलले नाहीत. जेवायला बसायचे, पुढ्यात येईल ते खायचे, आमटी अळणी झाली तरी मीठ मागायचे नाहीत. माझाबी धीर सुटत चालला होता, खोटं कशाला सांगू. रात्रंदिवस एकच, की आता हा माणूस माझ्याशी कधी बोलेल. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कागद फाडलात का?" तर म्हणाले, "मी वाचलं नव्हतं गं तेव्हा. त्यांनी म्हटलं सही करा, मी केली. मला वाटलं, मोटार येतेय." एवढंच बोलले. आवाज अगदी लहान झाला होता. बावीस वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

मग खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला आणि दुकानात गेले. मी उघडून बघितला, फाडलेला नव्हता. एकाच जागी खोडलं होतं. मी लिहिलं होतं, मॅनेजर नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आले. यांनी 'आदल्या' खोडून वर बारीक अक्षरात 'दुसऱ्या' लिहिलं होतं. खरंच, दुसऱ्याच दिवशी आले होते. माझीच चूक झाली होती.

यांनी कमिटी सोडली. कंपनीचे लोक आता दुकानावरून जाताना मान वळवतात. यांना ते लागतं, पण बोलत नाहीत. खलीलला घोटीहून बोलावून घे, परवाना हातात पडला की लगेच. रोशनबी विचारत होती. आणि तू यायचं म्हणशील, तर ये. कार्ड टाकून आधी विचार, मी हो म्हणून कळवीन.

तो कागद मी तसाच पाठवला. रोशनबी म्हणत होती, "बाई, सरकारात द्यायचा, खाडाखोड बरी दिसत नाही, नव्या कागदावर उतरून काढा." मी नाही काढला. उतरून काढला असता तर सगळं माझंच अक्षर दिसलं असतं. यांचं अक्षर कमिटीत सगळ्यांना ओळखता येतं.

मैना